दोघींचं मिळून वजन

माझ्या मामाला ‘साधारण’ या शब्दाचा मनापासून राग आहे. कुणी म्हणालं, “साधारण अर्ध्या तासात येतो,” की हा लगेच विचारणार, “म्हणजे सत्तावीस मिनिटं की चौतीस?” नात्यात कुणाला बाळ झालं की बाकीचे नाक कुणाचं, डोळे कुणाचे यावर हुज्जत घालतात, हा आधी वजन विचारतो. त्यावर कुणी “तीन किलोच्या आसपास” असं म्हटलं, की ते बाळ त्याच्या मनातून तिथल्या तिथे थोडं उतरतं.

त्याचाही इलाज नाही म्हणा. एक्केचाळीस वर्षं तो वजनकाटे दुरुस्त करतोय. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. दुकान कसलं, बोळच तो. आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला उलट पावली बाहेर यावं लागतं. किराणावाले, सोनार, भंगारवाले, टपाल कचेरी, सगळ्यांचे काटे तिथे येतात. कोपऱ्यात एक लाकडी पेटी आहे. तिच्यात मखमलीवर पितळेची वजनं झोपवलेली असतात, मुठीएवढ्यापासून नखाएवढ्यापर्यंत. ही वजनं तो चिमट्यानं उचलतो, हातानं कधीच नाही. हाताला घाम असतो आणि घामालाही वजन असतं, असं त्याचं म्हणणं. मी सात वर्षांची असताना त्यातलं एक बोटांत धरलं होतं, तर हा माणूस माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता. आता मी बेचाळीसची आहे आणि अजून ती पेटी दिसली की मी हात मागे घेते.

मामी अगदी दुसऱ्या टोकाची. तिचं सगळं काम हातानं. मीठ चिमटीनं, ताप हाताच्या पालथ्या बाजूनं, कापड चांगलं की वाईट ते दोन बोटांत चुरगाळून. काटेवाल्याच्या घरी स्वयंपाकघरात काटा नाही, हे मी लोकांना सांगते तेव्हा कुणाला खरं वाटत नाही. चौतीस वर्षं दोघांचा संसार नीट चाललाय, कारण मामा घरात कमी बोलतो आणि मामी त्याचं जास्त मनावर घेत नाही.

तीन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड परगावी गेलं आणि जाताना आपले दोन गिनीपिग मामीच्या गळ्यात बांधून गेलं. दोघी सख्ख्या बहिणी. एक पांढरी, तपकिरी, काळी अशी ठिगळाठिगळांची. तिचं नाव मामीनं गोधडी ठेवलं. दुसरी लहान चणीची, काळीकुळकुळीत, ती मिरी. मामानं नाक मुरडलं. “शेपूट नसलेले उंदीर,” म्हणाला. मामीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि खिडकीखालची जागा रिकामी करून तिथे चांगला पलंगाएवढा पिंजरा मांडला. रोज संध्याकाळी ती एकेकीला मांडीवर घ्यायची, पाठीवरून, पोटाखालून हात फिरवायची, ओठ जरा बाजूला करून दात बघायची, पंजे उलटे करून बघायची. मामा समोर बसून वर्तमानपत्र वाचायचा. एखादी ओरडली की पान उलटायचा.

आणि ओरडायच्या कशा! फ्रिजचं दार उघडलं की दोघी मागच्या पायांवर उभ्या राहून अशी शीळ घालायच्या की खालच्या मजल्यावरचे विचारायचे, कुकर लावलाय का.

गेल्या वर्षी लेकीचं बाळंतपण निघालं. माझी मामेबहीण दूरच्या शहरात असते. मामीला तीन महिने तिथे जाणं भाग होतं. जायच्या आदल्या दिवशी मला वाटलं, आता या दोघी माझ्याकडे येणार. मी दोन गल्ल्या सोडून राहते आणि औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, म्हणजे घरच्यांच्या हिशेबानं मी अर्धी डॉक्टर. पण मामा म्हणाला, “मी बघतो त्यांचं.” मामीनं माझ्याकडे पाहिलं, मी मामीकडे पाहिलं. मग तिनं एका कागदावर सगळं लिहून फ्रिजला चिकटवलं. गवत कधीही संपू द्यायचं नाही. ढोबळी मिरची रोज, विसरायचं नाही. माणसांसारखंच यांच्याही अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते बाहेरूनच द्यावं लागतं. पाणी रोज बदलायचं. रविवारी वजन करून वहीत लिहायचं. वहीत शेवटची नोंद तिच्याच हातची होती, शेजारणीच्या साध्या काट्यावर केलेली: गोधडी १०३०, मिरी ९०५.

‘एकेकीचं वजन’ असं तिनं कागदावर लिहिलं नव्हतं. ते लिहावं लागेल असं तिच्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्या रविवारी मी तिथेच होते. मामानं दुकानातला सर्वांत चांगला काटा घरी आणला होता, ग्रॅमचाही भाग दाखवणारा. टेबलावर पाणसळ ठेवून काटा समपातळीत आणला. वेताची टोपली ठेवून शून्यावर आणला. मग काकडीची चकती दाखवत मिरीला टोपलीत यायला लावलं. हात लावला नाही. मिरी एकटी आत गेली मात्र, सैरभैर झाली. इकडे धाव, तिकडे धाव, तोंडानं बहिणीच्या नावानं टाहो. काट्यावरचा आकडा आठशे ऐंशीवरून साडेनऊशेवर उडी मारायचा आणि परत खाली. मामाच्या कपाळावर आठ्या. आकडा स्थिर होत नाही म्हणजे त्याच्या लेखी कुणीतरी त्याच्या तोंडावर खोटं बोलत असतं. दोन मिनिटं त्यानं सहन केलं. मग त्याला युक्ती सुचली. काकडी दाखवून गोधडीलाही आत घेतलं. दोघींनी एकमेकींच्या कुशीत नाकं खुपसली आणि गप्प बसल्या. आकडा थांबला. एक हजार नऊशे पस्तीस.

“बघ,” मामा म्हणाला. “एक ग्रॅमचाही फरक नाही. तुझ्या मामीचं माप इतकं बरोबर कसं आलं, कुणास ठाऊक.”

मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं. उगाच आता मागाहून अक्कल पाजळण्यात अर्थ नाही. मीही मान डोलावली होती.

मामा पुढे या कामात असा काही बुडाला की हसू यावं. ढोबळी मिरची, कोथिंबीर, काकडी तो मोजून दोन वाट्यांत भरायचा, दोन्हींत तंतोतंत सारखी, आणि वाट्या पिंजऱ्यात शेजारी शेजारी ठेवून दुकानात निघून जायचा. संध्याकाळी आल्यावर दोन्ही वाट्या रिकाम्या. रविवारी टोपली, काटा, वही. १९३५. १९४०. १९३०. १९३५. रात्रीच्या जेवणाआधी मामीचा फोन यायचा. ती विचारायची, “कशा आहेत दोघी?” आणि मामा आकडा सांगायचा. एकदा माझ्यासमोर तिनं विचारलं, “अहो, फ्रिज उघडल्यावर ओरडतात ना दोघी?” मामा म्हणाला, “ओरडतात की. घर डोक्यावर घेतात.” खोटं बोलला नाही तो. फ्रिज उघडला की घरात शीळ घुमायचीच. ती कुणाची, हे त्यानं वळून बघितलं नव्हतं.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी, दुपारच्या सुट्टीत मी त्याचा डबा घेऊन गेले. तो हात धूत होता. मी सहज पिंजऱ्यापाशी बसले आणि कोथिंबिरीची काडी पुढे केली. गोधडी धावत आली. मिरी कोपऱ्यात होती. पाठ उंच करून, केस फुलवून बसली होती. मला आधी वाटलं, मामाच्या हातचं खाऊन ती गुबगुबीत झालीय. मग ती उठली, हळूहळू आली, काडी तोंडात धरली. दोनदा जबडा हलवला. काडी खाली पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मग ती नुसतीच त्या काडीकडे बघत बसली. तिच्या हनुवटीखालचे केस ओले होते.

“मामा, ही खात नाहीये.”

“वाट्या रिकाम्या असतात रोज.”

“अरे, पण ही खात नाहीये. तोंडातून लाळ गळतेय हिच्या.”

“परवाच वजन केलंय,” तो टॉवेलला हात पुसत म्हणाला. “एकोणीसशे तीस. तुझ्या मामीनं ठेवलं तेवढंच आहे.”

माझा राग नाकावरच असतो, हे सगळं घर जाणतं. “दोघींचं मिळून ना?” मी ओरडले. “एकटीचं कर.”

“एकटी ठेवली की आकडा थांबत नाही. तूच बघितलंस ना?”

“कर म्हणते ना.”

त्यानं काटा मांडला. घाईतही टोपली ठेवून शून्य केलं. काकडी दाखवली, तर मिरी हललीच नाही. शेवटी मीच तिला उचलून टोपलीत ठेवलं. हातात घेतल्याबरोबर मला कळलं. वरचे केस सगळे होते, पण खाली कण्याचा मणी न् मणी बोटांना लागत होता.

ती टोपलीत गप्प बसली. धावली नाही, बहिणीला हाक मारली नाही. आकडा एका क्षणात थांबला. सातशे पंचेचाळीस.

मामा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता. मग त्यानं मिरीला बाहेर काढायला सांगून काकडी दाखवत गोधडीला आत घेतलं. अकराशे पंच्याऐंशी. बेरीज करायची गरजच नव्हती, पण त्यानं केली. त्याचे ओठ हलताना मला दिसले. सात आठवडे एक जण रोज थोडी थोडी झिजत होती, दुसरी तिची वाटी चाटून पुसून खात होती, आणि जगातला सगळ्यात अचूक काटा सांगत होता की सगळं ठीक आहे.

तो टोपलीची कड धरून नुसता उभा राहिला. इतका पडलेला चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता, आजी गेली तेव्हाही नाही. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

खरं सांगायचं तर पुढची चूक मी करणार होते. मी म्हटलं, थांब, दुकानातून लहान मुलांचं अँटिबायोटिक आणते, दोन थेंब देऊन बघू, उद्या सकाळपर्यंत नाही फरक पडला तर डॉक्टर. बाटली घेऊन आलेसुद्धा. तोवर मामा पायात चपला घालून, दोघींना टॉवेलानं उचलून टोपलीत घालून दारात उभा होता. दोघींना का, विचारलं, तर म्हणाला, “एकटी घाबरते ती.”

प्राण्यांच्या डॉक्टरबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला. बसमध्ये मामानं टोपली मांडीवर घट्ट धरली होती आणि प्रत्येक खड्ड्याला तो सीटवरून किंचित उठायचा, म्हणजे धक्का टोपलीला लागू नये.

डॉक्टरबाई वयानं माझ्याहून लहान, बोलायला तिखट. त्यांनी मिरीच्या पोटाला नळी लावून ऐकलं, नाक-डोळे बघितले, सांधे दाबून बघितले, मग दिव्याची एक बारीक नळी तोंडात घालून बराच वेळ पाहत राहिल्या. “पुढचे दात छान आहेत,” म्हणाल्या. “गडबड मागे आहे. यांचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून झिजतात म्हणून ठीक. हिच्या खालच्या दाढा वाकड्या वाढून आत वळल्यात. जिभेवर पूल झालाय त्यांचा. जीभच अडकलीय. भूक लागते, खायला येते, पण गिळता येत नाही.”

मला ती काडीकडे बघत बसलेली आठवली.

“किती दिवस खात नाहीये?” त्यांनी विचारलं.

ज्याला अर्ध्या तासाचीही मिनिटं लागतात, तो माणूस म्हणाला, “मला माहीत नाही.”

“लेंड्या? लहान झाल्यात का? कोरड्या? कमी?”

“झाडून टाकतो रोज. बघितल्या नाहीत.”

बाई जरा मवाळ झाल्या. म्हणाल्या, “हे प्राणी दुखणं लपवतात. रानात जो आजारी दिसला त्याला आधी कुणीतरी खातं, म्हणून शेवटपर्यंत सगळं ठीक असल्याचं दाखवतात. कोपऱ्यात बसणं, केस फुलवणं, आवडीचं तोंडात घेऊन टाकणं, आवाज बंद होणं, एवढंच काय ते आपल्याला कळतं. आणि बारा तास खाल्लं नाही की पोट थांबतं. तेव्हा उद्या बघू, असं म्हणायचं नाही, निघायचं.” मग त्यांची नजर माझ्या हातातल्या बाटलीवर गेली. “हे दिलं?”

“नाही अजून.”

“बरं झालं. या जातीचं औषध यांच्या पोटातले चांगले जंतू मारून टाकतं. दोन दिवसांत ही गेली असती.”

मी बाटली पर्समध्ये खोल ढकलली. पंधरा वर्षं काउंटरवर उभी आहे मी. त्या दिवसापासून दुकानात कुणी कुत्र्या-मांजरासाठी गोळी मागितली, तर मी त्याला आधी पाच मिनिटं बोलून घेते.

दाढा कापायच्या तर भूल द्यावी लागणार होती आणि इतक्या अशक्त जिवाला भूल सोसेल की नाही, सांगता येत नव्हतं. बाईंनी तीन दिवस दिले. गवताच्या भुकटीचं पातळ खाणं, बिनसुईच्या सिरिंजनं, दर तीन तासांनी. तोंडाच्या बाजूनं, पुढच्या दातांच्या मागे, अगदी थोडं थोडं; ती चावेल, गिळेल, मगच पुढचं. घाई केली तर फुप्फुसात जाईल. बाईंनी एकदा करून दाखवलं. मामानं दोन्ही हात पँटला पुसले आणि मिरीला हातात घेतलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच.

बाहेरच्या बाकावर बसून त्यानं मामीला फोन लावला. मी म्हटलं, आत्ताच सांगू नको, लेकीच्या घरी तान्हं बाळ आहे, तिच्या जिवाला घोर कशाला. त्यानं माझ्याकडे लक्षच दिलं नाही.

“मी दोघींचं वजन एकत्र करत होतो,” तो म्हणाला. नमस्कार-चमत्कार काही नाही. “मिरी एकशे साठ ग्रॅम उतरलीय. मला कळलं नाही.”

पलीकडे बाळ रडत होतं.

मग मामी म्हणाली, “कुठंय आता ती?”

“हातात आहे.”

“तुमच्या?”

“हो.”

“मी येऊ का?”

“नको. तिकडे तुझी गरज आहे.” “मी करतो. मला नीट सांग फक्त, तू कशी धरतेस.”

मामीनं सांगितलं. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ आपल्या पोटाला टेकलेली. मामा फोन खांद्यात धरून तसं करत गेला. बाकावर शेजारी एक गृहस्थ आजारी मांजर घेऊन बसले होते. त्यांनीही नकळत आपलं मांजर तसंच धरलं.

दुसऱ्या दिवशी मामाच्या दुकानाला कुलूप. एक्केचाळीस वर्षांत दुकान बंद राहिलेले दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यामुळे गल्लीत लोक माझ्याकडे चौकशी करायला लागले, मामाची तब्येत कशी आहे. मी म्हणायचे, मामा बरा आहे, गिनीपिग आजारी आहे. मग लोक माझ्या तब्येतीकडे बघायचे.

घरी गेले की मामा खिडकीपाशी स्टुलावर बसलेला असायचा, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली मिरी, नुसतं नाक बाहेर. सदऱ्यावर पुढून हिरवा चिखल. पहिल्या दिवशी निम्मं खाणं त्याच्या बाहीत गेलं. किती पोटात गेलं हे कळायला मार्ग नाही म्हणून तो हैराण. त्यानं आधी रुमाल वजन करून घेतले, नंतर पुसलेले रुमाल पुन्हा वजन केले, आणि वजाबाकी करून किती सांडलं ते काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर काटा बाजूला पडलेला. “तिचा गळा हलतो गिळताना,” तो मला हळूच म्हणाला. “इथे बोट ठेव. लागलं? मग पुढचं द्यायचं.” मी बोट ठेवलं. सुपारीएवढ्या गळ्यात काहीतरी सरकलं.

एकदा सोनार आपला नाजूक काटा बगलेत मारून घरीच आला. भयंकर घाई होती त्याला. मामा म्हणाला, “बसा. हा टॉवेल धरा जरा, मला सिरिंज भरू दे.” सोनार बसला, टॉवेल धरला आणि पुढची वीस मिनिटं मिरीशी लाडीगोडी लावत बसला. जाताना काट्याची आठवण मलाच करून द्यावी लागली.

शुक्रवारी दाढा कापल्या. दीड तास आम्ही बाहेर बाकावर. मामा घड्याळाकडे बघत नव्हता. मांडीवरच्या टोपलीत एकटी गोधडी होती आणि तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, डोक्यापासून मागेपर्यंत, परत डोक्यापासून. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि “उठलीय” म्हणाल्या, तेव्हा त्यानं मान हलवली, पण उठला नाही. गोधडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

उठली म्हणजे बरी झाली, असं नव्हतं. जिभेवर जखम होती, पोट मंद होतं. शनिवारी ती आपणहून काही खाईना. रविवारीही नाही. सिरिंजनं जेवढं जाईल तेवढंच. मामीचे दिवसातून चार फोन. मी मनातून तयारी करत होते. मामाला कसं सांभाळायचं, मामीला काय सांगायचं, इथवर माझी मजल गेली होती, आणि त्याबद्दल मला नंतर माझीच लाज वाटली.

सोमवारी मी काउंटरवर असताना मामाचा फोन आला. दुकानात गर्दी होती. मी हातातल्या गोळ्या खाली ठेवून फोन कानाला घट्ट लावला.

“तीन आहेत,” तो म्हणाला.

“काय तीन?”

“लेंड्या. मोठ्या आहेत, चांगल्या. ओलसर. दोन्ही टोकं गोल.”

मी भर दुकानात, पाच गिऱ्हाइकांसमोर, “लेंड्या झाल्या?” असं ओरडले आणि रडायला लागले. समोर एक आजोबा बद्धकोष्ठाचं औषध घ्यायला आले होते. ते फार समंजसपणे म्हणाले, “होतात बाई, वेळ लागतो थोडा.”

संध्याकाळी तिनं गवताची एक काडी खाल्ली. टोकापासून सुरू करून, न थांबता, काडी आखूड आखूड होत तोंडात गेली. आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून ती काडी संपेपर्यंत बघत होतो.

मामी आली तेव्हा मिरी आठशे चाळीस होती. एकटीचं वजन. दर दोन महिन्यांनी दाढा दाखवायला न्यावी लागणार, हे मामानं तिला स्टेशनवरच सांगितलं. मामीनं घरात आल्यावर आधी हात धुतले, मग मिरीला मांडीवर घेतलं, सगळीकडून चाचपलं, आणि तिला मामाच्या मांडीवर ठेवून चहा टाकायला आत गेली. तिनं एका शब्दानं त्याला बोल लावला नाही. त्याला ते बोल लावण्यापेक्षा जड गेलं असावं, कारण तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला आणि कपबशा विसळायला लागला.

आठवड्याभरानं सकाळी मला मामाचा फोन. “तुझ्या ओळखीचे दातांचे डॉक्टर आहेत ना? मामीला घेऊन जा. मी आलो तर ती यायची नाही.”

“काय झालं तिला?”

“उजव्या बाजूनं चावत नाही. भाकरीचा कडक भाग ताटात तसाच ठेवते. पाणी पिताना मान वाकडी करते. चार दिवस बघतोय. विचारलं तर म्हणते, काही नाही.”

मी मामीला घेऊन गेले. ती आधी ‘काहीतरीच, कशाला’ करत होती. डॉक्टरांनी आरसा तोंडात घातल्यावर गप्प झाली. मागची दाढ मुळापासून किडलेली, हिरडी सुजलेली. किती दिवस दुखतंय, त्यांनी विचारलं. मामी छताकडे बघत म्हणाली, “दोन वर्षं.”

दोन वर्षं. दर रविवारी मी तिच्या शेजारी बसून जेवलेय. बाहेर आल्यावर मी तिच्यावर अशी भडकले की काय सांगू. बोलायला काय झालं होतं, मी काय परकी आहे, दुकानात औषधांचे ढीग पडलेत. ती गालाला रुमाल लावून बाकावर बसली होती, अर्धं तोंड बधिर. माझं ओरडून झाल्यावर तिनं माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

“बाळंतपण होतं, दुकान होतं,” ती जड जिभेनं म्हणाली. “त्यात माझ्या दाढेचं कुठं काढायचं. सवय झाली होती गं एका बाजूनं खायची.” मग जरा वेळानं रुमाल काढून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी जेवताना हे माझ्याकडे बघत होते. चार दिवस. मला घास उतरेना.”